रंगखोलीची खिडकी

त्या काळी कपडा विटला म्हणून कुणी टाकून देत नसे. तो रंगाऱ्याकडे जाई आणि नवा होऊन परत येई. गल्लीच्या टोकाच्या रंगाऱ्याच्या घरी सकाळपासून हंडे उकळत आणि अंगणातल्या दोऱ्यांवर ओलं कापड ठिबकत राही. लाल, निळा, हिरवा तर कुणीही रंगवी. या घराचं नाव होतं ते काळ्यासाठी. वकिलांच्या कोटांचा, छत्र्यांचा काळा. कापड फाटेल, पण रंग उतरणार नाही.

तो काळा पक्का होई मागच्या रंगखोलीत, बंद दाराआड. आणि तो येई घरच्या थोरल्या सुनेला, मोठ्या काकूला, एकटीला. तिला तिच्या सासूने शिकवला होता, सासूला तिच्या सासूने. घरातल्या लेकींना कधीच नाही. "सून घरात आणते, लेक घराबाहेर नेते," असं त्या घरात म्हणत, आणि म्हणताना कुणाला त्यात काही खुपत नसे.

काकूला मूलबाळ नव्हतं, नवराही लवकर गेला. धाकट्या दिराची मुलगी तिच्याच अंगाखांद्यावर वाढली. घरभर गरगर फिरते म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत.

एका सकाळी काकू घाम पुसत रंगखोलीतून बाहेर आली, तर ही दाराला नाक लावून उभी.

"काय गं, काय हुंगतेस?"

"वास. वासावर तरी घराण्याची मालकी नाही ना?"

"जीभ आवर. बाप ऐकेल."

"ऐकू दे. मला शिकव ना, काकू. तुझे हात थरथरायला लागलेत."

"आणि उद्या लग्न होऊन गेलीस म्हणजे?"

"बेकरीवाल्याच्या घरी गेले तर? त्यांना काळा रंग कशाला लागतोय? पाव काय, आपोआप काळे होतात."

काकूला हसू आवरेना. "तुझ्या दादाची बायको येऊ दे. तिला शिकवीन."

"म्हणजे बाहेरून येणारी घरची, आणि घरातच जन्मलेली परकी. वा!"

काकूने ते हसण्यावारी नेलं.

भिंगरीचं सगळं उघड्यावर चाले. कांद्याच्या सालींचा पिवळा, बिटाचा गुलाबी, जे जमेल ते दुसऱ्याच दिवशी गल्लीतल्या मुलींना अंगणात बसवून शिकवी. बाप खेकसे, "घर विकायला काढलंयस का?" ती हंड्यात डोकावून म्हणे, "बघा बाबा, शिकवलं म्हणून रंग काही कमी झालेला दिसत नाही."

मग काकूला ताप भरला. कोटांचं कापड अर्धं रंगून पडलं होतं आणि शिंपी दारात येऊन बडबडून गेला होता. दुपारी काकूचा डोळा लागला तशी भिंगरीने उशीखालची किल्ली काढली. फटीतून हुंगून, पाण्याचे आवाज ऐकून तिने बरंचसं ताडलं होतं. कुठलं पाणी आधी, कुठलं नंतर, तेही बरोबर होतं. पण नियम मोडायला निघालेल्या त्या पोरीने नियमाचा एक भाग मात्र इमानाने पाळला. आत गेल्यावर तिने कडी लावली. रंगखोलीचं दार बंदच असतं, एवढं तिला ठाऊक होतं.

मोठ्या हंड्यामागे गोणपाटाआड एक खिडकी होती. रंग पक्का करणारं शेवटचं पाणी ओतण्याआधी काकू ती सताड उघडून ठेवी, कारण त्या पाण्याच्या वाफेने माणूस गुदमरतं. सासूने तिला पहिल्याच दिवशी सांगितलेली ती पहिली गोष्ट. दाराच्या फटीतून ती खिडकी दिसत नव्हती, आणि तिला वासही नव्हता.

दार तोडलं तेव्हा उशीर झाला होता.

गल्ली हळहळली. दीर सांत्वनाला येणाऱ्या प्रत्येकाला सांगे, "आत जायचं नव्हतं तिने. ऐकलं असतं तर आज असती." लोक मान हलवत. काकू भिंतीला टेकून ऐके. सांगितलं असतं तर आज असती, असं ती मनाशी म्हणे.

एके दिवशी अंगणात कुजबुज ऐकू आली. गल्लीतल्या मुली आपापले रुमाल दोरीवर वाळत घालत होत्या. पिवळे, गुलाबी, एक फसलेला मातकट.

"हे काय गं?" काकूने विचारलं.

"भिंगरीताईने शिकवलेले," मातकट रुमालवाली म्हणाली. "माझा बिघडलाय. पण ती म्हणायची, बिघडलेलापण दाखवायचा."

काकू त्या दोरीकडे बघत राहिली. पोर कोवळ्या वयात गेली, आणि तिच्यामागे एवढे हात रंगलेले. आपण आयुष्यभर काळा रंगवला. आपण गेल्यावर मागे काय उरणार? एक कुलूप.

काही महिन्यांनी भिंगरीच्या दादाचं लग्न झालं. नवी सून आली. दिराने रंगखोलीला नवं दार बसवलं, नवी कडी लावली आणि किल्ली काकूपुढे धरली.

"वहिनी, सुरुवात करा. कडी लावून घ्या."

"सुताराला बोलाव."

"आता कशाला? दार तर नवं आहे."

"म्हणूनच. उतरवून घ्या म्हणावं. कापड झोडपायला चांगली फळी होईल."

"वहिनी, डोकं ठिकाणावर आहे ना? घराण्याचं कसब चव्हाट्यावर मांडणार?"

"घराण्याची लेक गेली बंद दाराआड, भाऊजी. आता आणखी काय राखायचं राहिलंय?"

दिराची बायको, भिंगरीची आई, इतके दिवस मुकी झालेली, उठली आणि स्वतःच सुताराकडे चालू लागली. त्याने तिला अडवलं नाही.

त्या दिवशी रंगखोलीत पहिल्यांदा दारातून ऊन शिरलं. दारात गल्लीतल्या मुली दाटीवाटीने उभ्या होत्या. काकूने सुनेला हंड्यामागे नेलं, गोणपाट ओढून फेकून दिलं आणि खिडकी उघडली. "आधी हे. बाकीचं सगळं नंतर," ती म्हणाली.

सून चाचरत म्हणाली, "काकू, मला एक धाकटी बहीण आहे माहेरी. तिला हे सांगितलं तर चालेल?"

दाराच्या रिकाम्या चौकटीत दीर खाली मान घालून उभा होता. काकूने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"आजच सांग," ती म्हणाली. "उद्यावर टाकू नकोस."