मामांचं विमान

सत्यमचं विमान उडायचा प्रश्नच नव्हता, ते प्लास्टिकचं होतं. पण चार वर्षं झाली तरी ते स्वतःच्या चाकांवर उभंसुद्धा राहिलं नव्हतं. लोणावळ्यातल्या त्याच्या दोन खोल्यांच्या घरात, खिडकीजवळच्या टेबलावर, ते कधी पंखांशिवाय पडलेलं असायचं, कधी शेपटीशिवाय. येणारा प्रत्येक पाहुणा विचारायचा, "काय मोडलंय?" आणि सत्यमच्या कपाळावर आठी चढायची.

सत्यम देहूरोडच्या लष्करी डेपोत भांडारात कारकून होता. दिवसभर सुट्या भागांचे नंबर बघायचे आणि घरी येऊन पुन्हा सुटे भागच घेऊन बसायचे, असं त्याचं चाललेलं. लढाऊ विमानांच्या हुबेहूब छोट्या प्रतिकृती करायच्या, ही त्याची हौस. किट मागवायचं, त्यातले शंभर-सव्वाशे तुकडे कापायचे, घासायचे, चिकटवायचे, मग रंगवायचे. छंद म्हणून वाईट काहीच नाही, माणूस घरात राहतो. फक्त सत्यमला एक खोड होती. झालेलं काम झालं असं त्याला वाटायचंच नाही. सांधा केसभर दिसला की पुन्हा पुट्टी, पुन्हा पॉलिश पेपर. त्याची बायको सारिका म्हणायची, "तुम्ही विमान बनवत नाही, झिजवता."

आणि हे विमान तर मामांचं होतं. महिपती मामा म्हणजे सत्यमच्या आईचे, शालूबाईंचे, थोरले भाऊ. वीस वर्षं हवाई दलात फिटर होते. हंटर जातीच्या विमानांचा पत्रा, चाकं, झडपा, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. आता पंचाहत्तरी ओलांडून तिकोणा पेठेत गावच्या घरी असायचे. सत्यमचे वडील लवकर गेले, त्यानंतर त्याला शिकवलं मामांनी आणि विमानांचं वेड लावलं तेही मामांनीच. त्यांच्याजवळ एकच जुना काळा-पांढरा फोटो होता. हंटरच्या नाकाखाली उकिडवे बसलेले, दात काढून हसणारे तरणेबांड मामा. मागे विमानाचा नंबर स्पष्ट दिसत होता. सत्यमने ठरवलं होतं, हेच विमान करायचं, अगदी ह्या फोटोतलं.

फोटो त्याने मोठा करून भिंतीला लावला होता. पंखाच्या मुळाशी पत्र्याचं एक ठिगळ दिसत होतं, ते त्याने कागदासारख्या पातळ पत्र्यातून नखाएवढं कापून बसवलं. एका बाजूचा रंग उडालेला होता, तोही तसाच उडवला. फोटोला बुरशीने धरलं होतं, आभाळात आणि विमानाच्या नाकावर काळे डाग होते, ते मात्र त्याने हुशारीने वगळले. बुरशी कोणती आणि विमान कोणतं, एवढं त्याला कळत होतं.

पण घाई करायला हवी होती, त्याचं कारण वेगळंच होतं. मामांना काचबिंदू होता. डावा डोळा गेला होता आणि उजव्या डोळ्याने त्यांना नळीतून बघितल्यासारखं दिसायचं. ती नळी बारीक होत चालली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेली किती दिवस राहील ते सांगता येत नाही, काय दाखवायचं असेल ते दाखवून घ्या. दर रविवारी मामांचा फोन यायचा.

"सत्या, झालं का रं माझं इमान?"

"होतच आलंय मामा. पुढच्या रविवारी घेऊन येतो."

असे पुढचे रविवार किती झाले, ते मोजायची सोय राहिली नव्हती.

पण यंदा सत्यमने दसऱ्याची तारीख धरली ती धरलीच. पितृपक्ष संपता संपता विमान चाकांवर उभं राहिलं. वरून हिरव्या-करड्या पट्ट्यांचा रंग, पोट चंदेरी. पाण्यात भिजवून चिकटवायची तिरंगी चक्रं आणि नंबर जागच्या जागी बसले. आता फक्त शेवटचा पारदर्शक हात मारायचा होता, म्हणजे सगळं बंदिस्त होऊन जाणार होतं. पाऊस हटत नव्हता. हवा दमट असली की हा हात पांढरट पडतो, म्हणून तो कोरड्या दिवसाची वाट बघत थांबला. खंडेनवमीला सकाळी ऊन पडलं. संध्याकाळी येऊन हात मारू, उद्या दसऱ्याला मामांकडे जाऊ, असं म्हणून तो खुशीत डेपोत गेला. तिथे गाड्यांची, हत्यारांची पूजा झाली. फोर्कलिफ्टला झेंडूचा हार घातलेला बघून त्याने कौतुकाने हात जोडले आणि पेढाही खाल्ला.

घरी आला तर खिडकीजवळचं टेबल रिकामं होतं.

देवघरासमोर पाट मांडलेला. पाटावर विळा, कोयता, कात्री, सारिकाच्या शिलाई मशीनची बॉबिन, स्कूटरची किल्ली, त्याचा रंग फवारायचा एअरब्रश, आणि मधोमध हंटर. पंखांवर झेंडू, पाठीवर अक्षता. आणि नाकावर, शालूबाईंच्या अनामिकेने भरघोस लावलेलं, पाण्यात कालवलेलं हळदकुंकू. त्याचा एक ओघळ पार चक्रापर्यंत आलेला.

"आई!"

"काय रं? वरडतुस कशाला?" शालूबाई स्वयंपाकघरातून आल्या.

"हे काय केलंस तू?"

"पूजा केली. लढाईचं इमान हाय न्हवं? मग हत्यारच की त्ये. विळ्याकोयत्याला लावायचं आन् त्येला न्हाई व्हय?"

सत्यमने ओल्या फडक्याने पुसायला घेतलं आणि कुंकू आणखी पसरलं. मॅट रंग तो, टीपकागदासारखं सगळं पिऊन बसला होता. हिरव्यावर लाल, करड्यावर पिवळं. सत्यमचं डोकं फिरलं. चार वर्षांची मेहनत, उद्यावर आलेला दसरा, सगळा राग त्याने आईवर काढला. अडाणीपणा म्हणाला, कशाला हात लावायचा एवढीसुद्धा अक्कल नाही म्हणाला. खऱ्या विमानाला ह्या मापाने टिळा लावायचा तर टोपलीभर कुंकू लागेल, असंही म्हणाला, आणि ते काही विनोद म्हणून नव्हे.

शालूबाईंनी झेंडूची फुलं एकेक करून उचलली आणि आत गेल्या.

"उद्या असंच न्या की," सारिका म्हणाली. "मामांना एवढं कुठे दिसणार आहे?"

"म्हणून काय कुंकू फासलेलं न्यायचं? त्यांनी त्या विमानावर कधी बोटाचा ठसा राहू दिला नसेल."

दसरा गेला. सत्यमने थिनरने नाक पुसलं, तर कुंकवाबरोबर रंगही निघाला आणि अर्धं चक्रही. मग अस्तर, मग हिरवा, मग करडा. नवा हिरवा जुन्या हिरव्याशी जुळेना, म्हणून सगळा वरचा भागच पुन्हा रंगवला. नवीन चक्रं मागवली, ती यायला आठवडा लागला. चक्रं लागली आणि पुन्हा पाऊस आला. ह्या वेळी त्याने वाट बघितली नाही, शेवटचा हात मारून टाकला. दहा मिनिटांत अख्ख्या हंटरवर धुकं धरल्यासारखी पांढरट साय आली. सत्यमने एअरब्रश टेबलावर आपटला, वाकलेली सुई बघून स्वतःलाच शिव्या घातल्या, आणि दुसऱ्या दिवशी नवी सुई आणून परत घासायला बसला. एअरब्रशच्या खाचेतून अजून कुंकवाचे कण निघत होते. आईशी तो कामापुरतंच बोलत होता.

एक गोष्ट मात्र बरी झाली होती. मामांचा रविवारचा फोन आला नाही. पुढच्या रविवारीही आला नाही. चला, निदान मामा तरी घाई करत नाहीत, असं म्हणून सत्यमला जरा हायसं वाटलं.

भाऊबीजेला विमान तयार झालं. खरंच तयार झालं. भिंग लावून बघितलं तरी नावं ठेवायला जागा नव्हती. सत्यमने ते बुटांच्या खोक्यात कापूस घालून ठेवलं, खोकं आईच्या मांडीवर दिलं आणि स्कूटर काढली. मामांना प्रवास झेपत नाही म्हणून हल्ली शालूबाईच ओवाळायला तिकोणा पेठेला जायच्या. पवनेच्या काठाने जाताना खड्डा आला की सत्यम मागे वळून ओरडायचा, "सांभाळ!" शालूबाई दोन्ही हातांनी खोकं धरून होत्या.

मामा पडवीत खाटेवर बसले होते. सत्यमने समोर जाऊन खोकं उघडलं.

"मामा, हे बघा. आणलं एकदाचं."

मामांनी आवाजाच्या रोखाने तोंड वळवलं. डोळे खोक्याच्या बरंच वरून पलीकडे बघत होते.

"दे हातात," ते म्हणाले.

"मामा, कधीपासून?"

"दसऱ्याला हुतं थोडं. त्येच्या नंतर चार-पाच रोजांनी गेलं. तू तिकडं काम करत हुतास, म्हनलं कशाला तुला सांगायचं. दे रं हितं."

दसऱ्याला होतं. सत्यमला बसवेना की उभं राहवेना. त्याने हंटर मामांच्या ओंजळीत ठेवला.

आधी शालूबाईंनी भावाला ओवाळलं, मामांनी मांडीवरचं विमान न हलवता ओवाळून घेतलं. मग त्यांची बोटं पंखावर फिरायला लागली. जाड, चिरा पडलेली बोटं, पण कशी अलगद चालत होती. चाकं चाचपली. झडपा चाचपल्या. पंखाच्या मुळाशी बोट थांबलं.

"ह्यो प्याच! म्याच मारलेला. सत्या, तू ह्यो बी बशिवलास व्हय?" मामा हसले, अगदी फोटोतल्यासारखे.

"फोटोत होता ना मामा. फोटोत होतं ते सगळं केलंय."

बोट पुढे नाकावर गेलं. एकदा फिरलं, परत फिरलं.

"आन् कुंकू?"

"कसलं कुंकू?"

"फोटू दसऱ्याचाच हाय न्हवं. सकाळी पूजा केली आन् मग फोटू काढला. आमी समदे फिटर नाकावर कुंकू लावायचो आमच्या इमानाला. सायबसुद्धा लावायचे. दिसतंय की फोटूत, नाकावर मोठ्ठा टिळा."

भिंतीवरचा फोटो सत्यमच्या डोळ्यांसमोर आला. नाकावरची ती बुरशी. त्याने आईकडे बघितलं. तीन आठवडे घासून, पुसून, रंगवून त्याने तिचं कुंकू काढलं होतं, आणि तेवढ्यात मामांची उरलेली नजर गेली होती. आता आई बोलणार, आणि तिने बोलावंच, असं त्याला वाटलं.

"र्‍हायलं दादा," शालूबाई म्हणाल्या. "सत्या सांगत हुता लावाया. माजीच इसर पडली."

सत्यमने ओवाळायच्या ताटातली कुंकवाची कोयरी उचलली, त्यात पाण्याचे दोन थेंब टाकले आणि मामांचं बोट धरून त्यात बुडवलं.

"तुम्हीच लावा, मामा."

मामांनी हात सोडवून घेतला. आपल्या विमानाला कुंकू लावायला त्यांना कुणाचा हात नको होता. बोट अंदाजाने पुढे गेलं आणि नाक सोडून वैमानिकाच्या काचेवर टेकलं. सत्यमने जी काच तीन वेळा बदलली होती, तिच्यावर लाल, ओला, अंगठ्याएवढा टिळा उमटला आणि ओघळ हिरव्या रंगावर आला.

"लागलं का रं बरुबर?"

खिशातल्या रुमालाकडे गेलेला हात सत्यमने तसाच मागे घेतला.

"बरोबर लागलं, मामा," तो म्हणाला. "अगदी फोटोतल्यासारखं."