ध्रुवपदाआधीचा श्वास

क्लाइव्ह हॅटर्सलींनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि विचारलं, "हा ड्रम कोण वाजवतंय?"

"तुम्हीच."

"मी नाही. हा कुणीतरी बँकेतला कारकून आहे."

शुक्रवारची सकाळ होती, आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. आमच्या शेफील्डच्या एका क्लबात दर रविवारी दुपारी पन्नाशीपुढच्या लोकांचा नाच असतो आणि गाणी मी लावते. ऐंशीच्या दशकातली ही गाणी तीन मिनिटांत संपतात, म्हणून मी ती कापून पुन्हा जोडते. सुरुवातीला नुसते ड्रम ठेवते, मधला भाग दुप्पट करते, शेवट लांबवते. क्लाइव्हच्या बँडचं एक गाणं तेव्हा शहरात सगळ्यांना पाठ होतं. त्याची मूळ टेप एकच, त्यांच्या माळ्यावर पडलेली. ती त्यांनी एका अटीवर दिली होती. मला आधी ऐकव, मी हो म्हटलं तरच लाव.

"रविवारी हे लागणार नाही," ते म्हणाले. "चहा घे, पोरी."

इतक्या जुन्या टेपचा थर चिकट होतो, यंत्रावर घातली की खरवडून निघतो. मी ती फळं सुकवायच्या यंत्रात चोपन्न अंशांवर दहा तास ठेवून वाचवली होती. आणि मग, या धंद्यात सगळे करतात तसं, प्रत्येक ठोका ओढून मिनिटाला बरोबर एकशे बावीसवर बसवला होता. त्याशिवाय पुढचं गाणं त्याच्यावर चढवता येत नाही, म्हणजे एक संपत असतानाच दुसरं त्याच ठेक्यात आत आणता येत नाही. गायिकेचे श्वासही खरखर समजून पुसले होते.

घरी येऊन मी ते केलं जे आधी करायला हवं होतं. मूळ ठोके मोजले. कडव्यात एकशे बावीस, ध्रुवपदाला एकशे साडेचोवीस, पुढच्या कडव्यात परत एकशे बावीस. आधी हा मला हलगर्जीपणा वाटला. पण टेपवर त्याच गाण्याचे तीन प्रयत्न होते. तिन्हींच्या वेगाचे आलेख एकावर एक ठेवले तर ध्रुवपदाची टेकडी त्याच जागी, त्याच उताराची. रेषांमधला फरक पेन्सिलीच्या टोकात मावत होता. ठेका दाखवणारं कुठलंही यंत्र रेकॉर्डिंगच्या दिवशी चालू नव्हतं. फक्त तिसऱ्या प्रयत्नात टेकडी जराशी उंच होती.

मग मी पुसलेले श्वास परत आणले. ध्रुवपदाआधी गायिका, डेनिस, श्वास घेते. तिसऱ्या प्रयत्नात तो जास्त खोल आहे. पहिला घाईचा ठोका त्या श्वासानंतर लगेच पडतो, तिन्ही वेळा. डेनिस जाऊन आठ वर्षं झाली. तो अर्ध्या सेकंदाचा श्वास मी किती वेळा ऐकला ते मोजलं नाही, आणि मी सहसा मोजते.

शनिवारी आलेखांचा कागद घेऊन चढ चढून पुन्हा त्यांच्याकडे गेले.

"हे काय, कुणाच्या हृदयाचा आलेख?"

"तुमच्या ड्रमचा. इथे तुम्ही डेनिसचा श्वास ऐकून वेग वाढवता."

"ऐकून कसा? माझे हेडफोन त्या दिवशी बंद पडले होते." त्यांनी टेकडीवर बोट ठेवलं. "ती स्टुडिओच्या काचेपलीकडे उभी असायची. खांदे वर गेले की मी निघायचो."

"आणि तिसऱ्या वेळी?"

"तेव्हा ती चिडली होती. मी तिचं सँडविच खाल्लं होतं."

मी नवी जोडणी लावली. श्वास, टेकडी, सगळं जागच्या जागी. ते डोळे मिटून सात मिनिटं बसले.

"हा मी," ते म्हणाले. मग, "पण हे तर हलतंय. याच्यावर पुढचं गाणं कसं चढवशील?"

"हाताने. पडद्यावर आकडे बघून."

"आकडे बघून म्हणे. मी शेजारी उभा राहतो. जमलं नाही तर प्लग काढीन."

रविवारी उंच खिडक्यांतून ऊन लाकडी फरशीवर पडलं होतं. मी गाणं लावलं. क्लाइव्ह शेजारी, एक हात खरोखरच प्लगवर. शेवटच्या ध्रुवपदाला मला पुढचं गाणं आत आणायचं होतं. एक बोट त्या गाण्याचा वेग वाढवायच्या दांड्यावर, डोळे आकड्यांवर. त्यांनी दुसरा तळहात पडद्यावर ठेवला.

"वर बघ."

मी वर बघितलं. समोर ऐंशी-नव्वद माणसं होती, कुणाच्या गुडघ्याला पट्टी, कुणाच्या कानात यंत्र. गाण्यात अजून काहीच बदललं नव्हतं. आणि सगळ्यांचे खांदे एकदम वर गेले.

मग स्पीकरमधून डेनिसने श्वास घेतला. मी दांडा पुढे सरकवला. दोन गाणी एकमेकांवर बसली आणि क्लाइव्हनी प्लगवरचा हात काढून घेतला.