खंडेनवमीची सुट्टी

मित्रांनो, मी एक जुना लेथ आहे. टोरांटोजवळच्या वॉनमध्ये, गोदामांच्या रांगेतल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये मी उभा असतो. धातू गरागरा फिरवून कातणे हे माझे काम. वय सत्तरीच्या पुढे गेले, तरी मी सूतभरही चुकत नाही, असे माझे मालक उल्हासराव कौतुकाने सांगतात.

माझा जन्म १९३८ सालचा. सुरुवातीला मी दुधातून साय वेगळी काढणाऱ्या यंत्रांचे भाग कातत असे. जिनो नावाच्या इटालियन फिटरने मला जागेवर बसवले होते. दर शनिवारी तो मला पुसून तेल द्यायचा आणि रविवारी आम्ही दोघेही आराम करायचो. जग असेच चालते, असे मला वाटे.

मग युरोपात फॅसिस्टांनी एकेक देश गिळायला सुरुवात केली. त्यांना रोखायलाच हवे होते, याबद्दल मला आजही शंका नाही. माझ्यावर तोफगोळ्यांची कवचे कातली जाऊ लागली. दाराशी बंदूकवाला पहारेकरी आला. तेव्हाच्या मालकाने भिंतीवर पाटी लावली, 'युद्ध संपेपर्यंत रविवारची सुट्टी बंद.' एका सकाळी दोन पोलीस आले आणि जिनोला नजरकैदेच्या छावणीत घेऊन गेले. शत्रू ठरलेल्या इटलीत तो जन्मला होता, एवढाच त्याचा गुन्हा. त्याच फॅसिस्टांचा मार खाऊन तो गाव सोडून आला होता, हे सगळ्यांना ठाऊक होते. पण कोणी ब्र काढला नाही. मीही फिरतच राहिलो.

आपण जिंकलो. लोक रस्त्यावर नाचले. पाटी मात्र कोणी उतरवली नाही, कारण लगेच पुढच्या युद्धाची तयारी सुरू झाली. जिनो परतला नाही आणि सायीची यंत्रेही परतली नाहीत. हळूहळू मला कशाचेच काही वाटेनासे झाले.

पुढे भोसरीहून आलेल्या उल्हासरावांनी मला विकत घेतले. खंडेनवमीला यंत्राला हात लावायचा नाही, हा त्यांच्या वडिलांचा दंडक. त्या दिवशी त्यांची पत्नी शुभदाताई मला कुंकू लावत. त्यांची लेक ऊर्मी घरामागच्या लाकडी डेकवरच्या कुंडीतला झेंडू थंडीपासून जपून माझ्यासाठी हार करी. साठ वर्षांनी मला पुन्हा सुट्टी मिळाली होती.

२००८ साली अफगाणिस्तानात लढणाऱ्या सैन्याच्या चिलखती गाड्यांसाठी पिनांची ऑर्डर आली. ट्रक नेमका खंडेनवमीला दुपारी यायचा होता.

"अहो, वर्षातला एकच दिवस असतो," शुभदाताई म्हणाल्या.

"तिकडे पोरं जिवावर उदार होऊन लढतायत. त्यांना काय सांगू, माझी नवमी आहे म्हणून? डिलिव्हरी मिस करता येणार नाही गं. फक्त या वर्षी."

मी दचकलो नाही. हे मी पूर्वी ऐकले होते.

ऊर्मीने सकाळीच माझ्या चकला, म्हणजे धातू पकडणाऱ्या माझ्या जबड्याला, हार घातला होता. घाईत उल्हासरावांचे तिकडे लक्ष गेले नाही. त्यांनी बटण दाबले. क्षणात हाराच्या चिंधड्या झाल्या आणि पाकळ्या धातूच्या किसात पडल्या. शाळेला निघण्याआधी पूजेसाठी थांबलेली ऊर्मी कुंकवाचे ताट धरून उभी होती.

"इट्स ओके, बाबा," ती म्हणाली. रडली असती तर बरे झाले असते.

पुढच्या वर्षी शुभदाताईंनी विचारले, "ऊर्मी, झेंडू लावायचा ना?"

"व्हाय, आई? इट्स रनिंग एनीवे."

मित्रांनो, मला तेल द्यायला एखादे वेळी विसरलात तरी चालेल. जुलमाशी लढायची वेळ आली, तर जरूर लढा, मीही फिरेन. पण लढताना 'फक्त एवढ्यापुरते' म्हणून जे बाजूला ठेवाल, त्याची आठवण करून देणारे एक तरी माणूस जपा. आमच्याकडे ते माणूस ऊर्मी होती.

परवा खंडेनवमी झाली. मी दिवसभर चालू होतो आणि तिच्याही लक्षात आले नाही.