लिंबूसताची चिमूट

कांताबाईंनी तीस वर्षं कॉलेजच्या रसायनशाळेत काचनळ्या धुतल्या. प्रयोग मुलांनी करायचे, बाईंनी नळ्या विसळायच्या. पण विसळताना त्यांचे कान आणि डोळे उघडे असत. निवृत्तीनंतर त्या खराडीला लेकीकडे, पायलकडे, नवव्या मजल्यावर राहायला आल्या.

पायलने हौसेने गॅलरीत ब्लूबेरीची दोन रोपं लावली होती. महिन्याभरात पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या.

"खत घालून दमले," पायल म्हणाली. "तरी उपाशीच दिसतात."

"ताट वाढलेलं आहे गं, पण घास उतरत नाही. माती अल्कधर्मी, बोअरचं पाणी त्याहून. या झाडाला आंबट लागतं."

पायलने त्याच संध्याकाळी एका कुंडीत बाटलीभर व्हिनेगर ओतलं. चार दिवसांत ते रोप करपलं. त्यानंतर दुसऱ्याला हात लावायचा तिला धीर होईना.

ते कांताबाईंनी घेतलं. जुनी माती झटकली, कोकोपीटमध्ये थोडी गंधकाची पूड मिसळून कुंडी भरली. गंधक सावकाश मुरतं. तोवर पाणी सांभाळायचं. रोज दुपारी त्या बादलीत चिमटीने लिंबूसत घालत, ढवळत आणि आम्लता दाखवणाऱ्या कागदाची पट्टी बुडवत. पट्टी आधी निळसर हिरवी, मग पोपटी, मग पिकल्या आंब्यासारखी पिवळी व्हायची. तीस वर्षं दुसऱ्यांच्या हातात पाहिलेले रंग आता त्यांच्या बोटांत उमलत होते. खालची रहदारी विरून जाई. डोळे मिटले की वाटे, आपणही त्या पाण्याबरोबर झिरपत चाललोय, बारीक मुळांच्या काळोखात, जिथे कुणालाच कसली घाई नाही.

दीड महिन्याने एक पान हिरवं फुटलं. कांताबाईंनी ते कुणाला सांगितलं नाही. दोन दिवस एकट्याच बघत राहिल्या. मग थंडीत इवल्या घंटांसारखी पांढरी फुलं आली आणि फेब्रुवारीत नऊ फळं धरली.

त्यांच्यावर निळा रंग चढताच पायलने पहिलं तोडून तोंडात टाकलं आणि डोळे बारीक केले. "आंबट पाणी पाजलं म्हणून आंबट झालं का गं?"

"पलीकडे मांजरी गावात उसाला साखरेचं पाणी पाजतात वाटतं?" कांताबाई म्हणाल्या. "कच्चं तोडलंस."

पायल हसत आईला टेकून बसली. उरलेली आठ फळं त्यांनी झाडावरच ठेवली. संध्याकाळ उतरत होती, आणि फळांवरची निळाई हळूहळू आभाळात मिसळत चालली होती.