दोरा तुटतो

ही गोष्ट २०११ सालची. त्या वर्षी मी एकदा पुसली गेले आणि पुन्हा बांधली गेले.

मित्रांनो, मी एक जुनी चिठ्ठी आहे. पण मला कागद नाही, डिंक नाही. तुमच्या भाषेत मी टॅग. एका ब्लॉगवर, लेखाच्या तळाशी, बारीक निळ्या अक्षरांत मी बसलेली असते. माझे नाव 'दोरा तुटतो'.

मला जन्म दिला मशीनमावशीने. ती शिवणयंत्रे दुरुस्त करायची. तिचे दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. तिथे एक लांब बाक होता, तेलाची बुधली होती आणि भिंतीला टेकून उभी असलेली आजारी मशीन्स होती. दुरुस्त केलेल्या प्रत्येक मशीनविषयी ती वहीत चार ओळी लिही आणि बिघडलेल्या शिवणीचा फोटो काढून ठेवी. तिची भाची छापखान्यात अक्षरजुळणी करत असे. एक दिवस ती म्हणाली, "मावशी, ही वही तुझ्यानंतर कोण वाचणार? चल, ब्लॉग काढू. जागा फुकट मिळते."

ब्लॉग निघाला. लेखांची नावे मात्र मावशीच्या पद्धतीची. 'सुईणबाईंची काळी मशीन', 'दोन बहिणींची भांडकुदळ मशीन'. लेखात काय आहे ते नावावरून कुणालाच कळेना. शोधायच्या चौकटीत 'दोरा' लिहिले तर सगळेच लेख येत, कारण दोऱ्यावाचून मशीन कुठली?

तेव्हा भाचीने तिला समजावले. "हे तीन विभाग. पायाची, हाताची आणि मोटरची मशीन. हे कपाटाचे खण. लेख एका खणात ठेवायचा. आणि टॅग म्हणजे चिठ्ठ्या. त्या एका लेखाला हव्या तितक्या लाव. चिठ्ठीवर बोट ठेवलं, की ती ज्यांना ज्यांना लावलीय ते सगळे लेख एका पानावर गोळा होतात."

"म्हणजे मशीन माणसागणिक नाही, दुखण्यागणिक लागली," मावशी म्हणाली. "हे झकास झालं."

अशी मी जन्मले. 'सुई मोडते', 'टाका सुटतो', 'मशीन जड चालते' या माझ्या बहिणी. आम्ही एकसष्ट होतो.

पहिल्याच आठवड्यात माझी फजिती झाली. ब्लॉग देणाऱ्या त्या कंपनीचे एक सामायिक पान होते. तिथे सगळ्यांच्या ब्लॉगवरचे एका नावाचे टॅग एकत्र येत. लेखाखाली माझ्यावर बोट ठेवणारी माणसे घरात न राहता थेट त्या चौकात जाऊन पडू लागली. तिथे एकाचा पतंग गेलेला, दुसऱ्याची मोत्यांची माळ विस्कटलेली, तिसरा प्रेमभंगाच्या कविता लिहितो आहे.

मावशी कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं, माझं गिऱ्हाईक कवितेत नेऊन सोडलंस की!"

मग भाचीने आमच्याच ब्लॉगच्या आतल्या माझ्या पानाचा सरळ पत्ता शोधून काढला. त्याच्या शेवटी माझे नाव रोमन लिपीत होते, आखडून फक्त 'dora' एवढे चार अक्षरी. मावशीने तो पत्ता कागदी पट्ट्यांवर छापून घेतला. मशीन दुरुस्त झाली, की पालथी करायची आणि ज्या दुखण्याला ती आली होती त्याचा पत्ता बुडाशी चिकटवायचा, हा तिचा रिवाजच झाला. दूरदूरच्या घरांत मशीनच्या पोटाखाली माझा पत्ता राहू लागला. पत्रे येत. "तुमच्या चिठ्ठीने माझी मशीन वाचवली." मला उगाच वाटे, हे माझेच कौतुक.

मग मावशीचे डोळे बिघडले. डाव्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. ती इस्पितळात असताना ब्लॉगची किल्ली, म्हणजे पासवर्ड, तिच्या दिराकडे होती. एका कचेरीच्या दप्तरखान्यात त्यांची चौतीस वर्षे गेली होती. घरचेही त्यांना फाईलमास्तर म्हणत. एक कागद, एक फाईल, हा त्यांचा जन्माचा नियम. एकच लेख सहा चिठ्ठ्यांखाली दिसतो आहे हे पाहून त्यांना वाटले, वहिनींनी सहा सहा नकला करून ठेवल्या आहेत. वहिनी घरी येईपर्यंत पसारा आवरून ठेवू, म्हणून त्यांनी एकसष्टच्या एकसष्ट टॅग पुसले. तीन खण तेवढे ठेवले.

त्या दिवसांत मी नव्हतेच, मित्रांनो. हे सारे मला मावशीने पुढे सांगून लिहवलेल्या एका लेखातून कळले. त्यालाही मीच लावलेली आहे.

आमच्याबरोबर लेख काही पुसले गेले नाहीत. तीनशे बाराही जागच्या जागी होते. तुटली ती फक्त गाठ.

मावशी घरी आली त्याच दुपारी फोन वाजला. दूरच्या गावी शाळेचे गणवेश शिवणारी एक बाई होती. "ताई, मशीन पालथी करून बसलेय. पट्टीवरचा पत्ता टाकला तर 'पान सापडले नाही' म्हणतंय. चाळीस गणवेश राहिलेत हो!"

"आधी मला सांग, दोऱ्याचं टोक कसं दिसतंय? कापल्यासारखं की पिंजल्यासारखं?"

"पिंजलंय."

"मग सुईचं भोक घासलंय. सुई बदल."

गणवेश वाचले. मावशीने फोन ठेवला आणि दिरांकडे वळली. "भावोजी, तुम्ही काय केलंत?"

"आवरलं, वहिनी," फाईलमास्तर म्हणाले. "चुकलं का?"

भाची धावत आली. "मावशी, हे परत आणायला काही बटण नाही. टॅग पुन्हा त्याच नावाने, त्याच पत्त्याने बनवता येईल. पट्ट्यांवरचे पत्ते चालू होतील. पण पान रिकामं. कुठला लेख कुठल्या टॅगचा, ते एकेक पाहून लावावं लागेल."

आणि ते एकट्या मावशीलाच ठाऊक होते. लेख चार ओळींचे. खरे दुखणे फोटोतल्या शिवणीत. ती ओळखायला मावशीचा डोळा हवा. उजव्या डोळ्याचे ऑपरेशन तीन आठवड्यांवर आले होते. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितले होते, तो डोळा वाचेल याची खात्री नाही. आणि डाव्याला नुसता उजेड कळत होता.

"तीनशे बारा भागिले एकवीस," मावशी म्हणाली. "रोज पंधरा. बसा भावोजी. तुम्ही सोडलंत, तुम्हीच बांधायचं."

"वहिनी, डोळ्याला ताण..."

"डोळा कशासाठी राखून ठेवू? भिंत बघायला?"

भाचीने आम्हा एकसष्टजणींना पुन्हा घडवले. माझ्या पानावर तेव्हा लिहिलेले असे, 'इथे काहीही नाही'. दुसऱ्या सकाळपासून खिडकीशी दोन खुर्च्या लागल्या. फाईलमास्तर लेख मोठ्याने वाचत, मावशी भिंग धरून फोटो पाही आणि सांगे. "सुई मोडते. टाका सुटतो. दोन्ही लावा."

"दोन्ही?"

"माणसाला सर्दी आणि ताप एकदम होत नाही का?"

कधी पाणी गळून तिला फोटो दिसेनासा होई. मग ती डोळा मिटून बसे, पण खुर्ची सोडत नसे. पंधरा झाल्याशिवाय जेवण नाही. सहाव्या दिवशी मास्तर कुरकुरले तेव्हा ती म्हणाली, "भूक लागली असेल तर भरभर वाचा."

विसाव्या दिवशी तपासणीनंतर डॉक्टरीणबाईंनी उजव्या डोळ्यावरही पट्टी बांधली. पडद्याकडे पाहणे बंद. बारा लेख उरले होते.

मास्तरांनी हळूच संगणक मिटायला घेतला.

"उघडा," मावशी पट्टीआडून म्हणाली. "काय दिसतंय ते सांगा."

"मला शिवणीतलं काय कळतंय, वहिनी?"

"वीस दिवस झोपा काढत होतात का?"

मास्तर पडद्याला नाक लावून बसले. "निळं कापड आहे. टाके सरळच आहेत. मध्येच थांबलेत. वरच्या दोऱ्याचं टोक..." ते थांबले. "टोक पिंजलंय. कापल्यासारखं नाही. कुठेतरी घासतोय. म्हणजे वहिनी, दोरा तुटतो."

"मग मला काय विचारता? लावा."

ज्या बोटाने मला पुसले होते, त्याच बोटाने मला बांधले. उरलेले अकराही त्यांनीच ओळखले. एकदा चुकले, तेव्हा मावशीने नुसते "हं?" म्हटले आणि त्यांनी दुरुस्त केले.

मावशीचा उजवा डोळा वाचला नाही. पुढे सात वर्षे ती बोटांनी चाचपून मशीन दुरुस्त करी. ती गेली तेव्हा बाकावर एक मशीन अर्धी उघडलेली होती. भाचीचा छापखाना बंद पडला. आता ती दूर राहते, पण ब्लॉगची किल्ली तिने हरवू दिलेली नाही. गणवेशवाली बाई आता सहाजणींना शिवण शिकवते. फाईलमास्तरांनी ती अर्धी मशीन वर्षभर खपून पुरी केली आणि तिच्यावर ब्लॉगचा तीनशे एकोणिसावा लेख लिहिला. त्याला त्यांनी चार टॅग लावले. त्यानंतरच्या हिवाळ्यात तेही गेले.

मी आहे. माझ्या पानावर आज अठ्ठेचाळीस लेख आहेत.

मित्रांनो, आवराआवर जरूर करा. पण एखादी बारीकशी निळी चिठ्ठी पुसण्याआधी एकदा तिच्यावर बोट ठेवा आणि तिने काय काय धरून ठेवले आहे ते बघा. आणि चुकून पुसलीत, तर खुर्ची ओढा आणि पहिल्या लेखापासून बांधायला बसा.