पुलाचं बघते

नीलांबरी दामलेच्या तोंडून ‘नाही’ निघणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. तिच्या पुण्यातल्या घरी वर्गणी मागायला कोणी आलं, तरी सगळे ‘बघतो हं’ म्हणत आणि मागणारा निमूट पुढच्या दाराकडे वळे. आपल्याकडे ‘बघतो’चा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. जर्मनीत तो कोणालाही कळत नाही, हे इतकी वर्षं न्युरेम्बर्गला काढून या बाईला समजायला हवं होतं.

ती एका लहानशा खाजगी रेल्वेत पुलांची इंजिनिअर. रेल्वे म्हणजे तरी काय, शेतांमधून जाणारा एकेरी रूळ. प्रवाशांची गाडी कधीच बंद पडली, उरले ते धान्याचे डबे. रूळ जिथे संपतो तिथे हासेलरॉइट गाव आणि गावच्या सोसायटीचा धान्य साठवायचा उंच सायलो. तो सांभाळतात त्सेंगलाइन नावाचे म्हातारे गृहस्थ. आसपासची बिअरला लागणारी बार्ली तिथे जमा होते आणि रेल्वेने बंदरावर जाते. सायलो बंद करावा असं सोसायटीत बऱ्याच जणांचं म्हणणं होतं, पण ‘यंदाची बार्ली वेळेवर पोचवून दाखवतो’ असा शब्द देऊन त्सेंगलाइननी तो एक वर्ष वाचवला होता.

एप्रिलमध्ये ओढ्यावरच्या पुलाला तडा सापडला आणि गाडी थांबली. कंपनी पूल दुरुस्त करणार नाही, हे नीलांबरीला तेव्हाच कळून चुकलं होतं. पण त्सेंगलाइन टोपी हातात घेऊन विचारायला आले, “फ्राऊ दामले, कापणीपर्यंत पूल होईल ना?” इतक्या सज्जन म्हाताऱ्याला तोंडावर कसं सांगायचं? तिने मनात ‘बघते मी’ म्हटलं आणि त्याचं जर्मन करून टाकलं, “इश क्युमरे मिश द्रुम.” तिकडे याचा अर्थ सरळ आहे: काम माझ्यावर सोडा आणि खुशाल झोपा. म्हातारा खुशाल झोपला. भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे भीड एकीची आणि भीक भलत्याच्याच वाट्याला.

ऐन कापणीत कंपनीने मार्ग कायमचा बंद केला. ते सांगायला नीलांबरी स्वतः हासेलरॉइटला गेली. सायलोपासून चर्चपर्यंत बार्लीने भरलेल्या ट्रॉल्यांची रांग होती.

“आलात! डबे कधी येतायत?” त्सेंगलाइननी हसतमुखाने विचारलं. “सायलो गळ्यापर्यंत भरलाय.”

“तुम्ही ट्रक नाही ठरवलेत?”

“ट्रकवाला आला होता मे महिन्यात. मी परत पाठवला. म्हटलं, पुलाचं काम फ्राऊ दामलेंनी अंगावर घेतलंय.”

 नीलांबरी बाजूला गेली आणि तिने नवऱ्याला फोन लावला. प्रसन्न एका कारखान्यात माल पाठवायचं काम बघायचा. त्याच्या ओळखीचे ट्रकवाले बरेच.

अर्ध्या तासाने त्याचा फोन आला. “अगं, सगळ्यांना विचारलं. आल्झो, हार्वेस्ट सीझनला कुठली श्पेडिट्सिओन कंपनी ट्रक रिकामे ठेवणार? सप्टेंबरशिवाय चान्सच नाही. तू त्यांना क्लिअर सांगितलं नव्हतंस का?”

“बघते म्हणाले होते रे.”

“नीला! ते काय सदाशिव पेठेतले आहेत का?”

एरवी ती हसली असती. पश्चिमेला आभाळ काळवंडत होतं. उघड्या ट्रॉल्यांतली बार्ली भिजली की तिला मोड येतात, आणि मोड आलेली बार्ली बिअरवाले दारातही उभी करत नाहीत. ती त्सेंगलाइनसमोर जाऊन उभी राहिली.

“पूल होणार नाही,” ती म्हणाली. “आता नाही आणि पुढेही नाही. मार्ग बंद झालाय.”

“एकदाच? अगदी हळू, एकेक डबा?”

“नाही.”

त्या तड्यावर तिने स्वतः हात फिरवला होता. डबा ओढ्यात गेला असता, वर चालकही. इतके महिने घशात अडकलेला शब्द आता भराभर येत होता आणि त्याचा कोणाला काडीचा उपयोग नव्हता.

ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, “हे एप्रिलमध्ये का नाही सांगितलंत?”

“तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून.”

त्सेंगलाइननी ते वाक्य नीट समजून घ्यायचा प्रयत्न केला.  मग ते आत गेले आणि धान्य वर ओढणारा पट्टा त्यांनी बंद केला. एवढा वेळ चाललेली घरघर थांबली तशी रांगेतली माणसं माना बाहेर काढून बघू लागली.

पहिल्या ट्रॅक्टरवर एक तरुण बाई होती. त्सेंगलाइननी तिला ट्रॅक्टर मागे घ्यायला सांगितलं.

“मग ही कुठे नेऊ?” तिने विचारलं.

त्यांनी वळून नीलांबरीकडे पाहिलं. ट्रॅक्टरवरची बाईही पाहू लागली.