एका मताचा पंतप्रधान

एनिड गार्साइडने चहाच्या पिंपाची तोटी बंद केली आणि बत्तिसावा कप थाळीत ठेवला. तिच्या पाठीमागे सँडविचना लोणी फासता फासता बेरिल क्रॉम्प्टनची कथा रंगात आली होती.

"ते मत माझंच. आईला ताप होता, मी जाणारच नव्हते. दार बंद व्हायला पाच मिनिटं उरली, तेव्हा पळत सुटले. मी गेले नसते तर या देशाला हा पंतप्रधान मिळाला असता का, सांग."

"मागच्या आठवड्यात खाटीक हेच म्हणत होता," एनिड म्हणाली. "आणि पाद्रीबाबा तर त्या वर्षी या गावात राहतही नव्हते. तरी ते म्हणतात, मत माझंच."

"तुला काय त्याचं? तू तर हरलेली."

"म्हणून तर मला आकडा पाठ आहे."

आकडा सगळ्या थॉर्नबेकलाच पाठ होता. बेचाळीस वर्षांपूर्वी, याच नगरभवनात, जिल्हा परिषदेच्या जागेसाठी हुजूर पक्षाच्या डग्लस ब्रॅडवेलला चारशे बारा मतं पडली होती आणि मजूर पक्षाच्या एनिड गार्साइडला चारशे अकरा. मोजणी तीनदा झाली. तिन्ही वेळा एकाच मताचा फरक. डग्लस, लोखंडी सामानाच्या दुकानदाराचा चोवीस वर्षांचा पोरगा, वडिलांची ढगळ कॉलर घातलेला, कान लालबुंद करून उभा होता. एनिडने पुढे होऊन त्याचा हात हातात घेतला, तेव्हा तो तिलाच "माफ करा" म्हणाला होता.

त्या एका पायरीवरून तो चढत गेला. आधी खासदार, मग मासेमारी खात्याचा मंत्री, मग अर्थमंत्री, आणि शेवटी सहा वर्षं पंतप्रधान. दोन महिन्यांपूर्वी त्याने आपण होऊन पद सोडलं, आणि आज बाहेरच्या भिंतीवर लावलेल्या त्याच्या नावाच्या पितळी पाटीवरचा पडदा सरकणार होता. 'अवघ्या एका मताने' हे शब्द पाटीवर कोरलेले होते. ते वाचल्यापासून एनिड त्या भिंतीकडे बघायचं टाळत होती.

कारण ते मत तिचं होतं.

शेवटची वडी आपण उचलू नये आणि आपलं मत आपल्यालाच देऊ नये, असं तिच्या आईने शिकवलं होतं. पडद्याआड उभी राहून तिने डग्लसच्या नावापुढे व्यवस्थित फुली मारली होती आणि स्वतःच्या मोठेपणावर खूश होत बाहेर आली होती. हरले काय, जिंकले काय, पन्नासेक मतांचा फरक असेल असं तिने धरलं होतं. नवऱ्याला तिने हे कधी सांगितलं नाही. स्टॅन रेल्वे कामगारांच्या संघटनेतला. डग्लसने बसगाड्या कमी केल्या, गावातलं बाळंतपणाचं रुग्णालय बंद केलं, तेव्हा तो वर्तमानपत्रावर मूठ आपटायचा. "कोणत्या गाढवाने याला निवडून दिलं?" एनिड बटाटे सोलत राहायची. स्टॅन गेला तो त्या गाढवाचं नाव न कळताच.

तिने तिच्या परीने भरपाई केली. डग्लसच्या प्रत्येक निर्णयावर ती त्याला पत्र लिहायची, तावातावाने. त्याची उत्तरंही यायची, स्वतःच्या हाताने लिहिलेली. 'मिसेस गार्साइड, तुम्ही सपशेल चुकता आहात. पण तिसऱ्या पानावर तुमचं खरं आहे, ते आज मंत्रिमंडळापुढे ठेवतो.' ती पत्रं तिने बिस्किटांच्या तीन डब्यांत भरून ठेवली होती. रुग्णालय काही परत उघडलं नाही. पण तिसऱ्या पानामुळे सुइणी मात्र पुन्हा घरोघर जायला लागल्या.

आज पाटीवरचा पडदा सरकण्याआधी त्याला सगळं सांगून टाकायचं, असं ठरवूनच ती घरून निघाली होती. बेरिल थाळ्या घेऊन बाहेर गेली, आणि तेवढ्यात मागचं दार ढकलून डग्लस स्वतःच स्वयंपाकघरात आला. केस पांढरे झाले होते; कान तसेच.

"पुढून आलो असतो तर महापौरांनी पकडलं असतं," तो म्हणाला. "चहा आहे का, मिसेस गार्साइड?"

"बस. साखर घालतोस का अजून?"

"डॉक्टर घालू देत नाहीत."

"बरं झालं. मी सांगून ऐकलं नसतंस."

तो स्टुलावर बसला. तिने कप पुढे केला आणि एप्रनला हात पुसत घसा खाकरला.

"डग्लस, त्या पाटीबद्दल मला जरा..."

"मलाही त्याबद्दलच बोलायचं आहे. आधी मी बोलू? नाहीतर माझा धीर जाईल." त्याने कपाकडे पाहिलं. "त्या दिवशी मी माझं मत तुम्हाला दिलं होतं."

एनिडचा हात एप्रनवरच थांबला.

"सभ्यपणा वगैरे नव्हता हं तो. आत उभा राहिलो आणि वाटलं, या कामाचं माणूस कोण? गावातल्या प्रत्येक गळक्या छपराखालची माणसं तुम्हाला नावानिशी ठाऊक. मला नुसती पाइपांची मापं. मारली फुली. आणि मग आलो निवडून. बायकोलाही सांगितलं नाही. पक्षाला कळलं असतं तर मला मासेसुद्धा सांभाळायला दिले नसते."

एनिड ओट्याला टेकली. तिचं बोट आपोआप ओट्यावर चालू लागलं. तिचं मत त्याला, त्याचं मत तिला. दोन्ही उचलून बाजूला ठेवली तर उरतात चारशे अकरा आणि चारशे दहा. दोघांनी आपापल्या नावापुढे फुली मारली असती, तरी आकडे हेच आले असते. म्हणजे त्याला निवडलं होतं ते गावानेच.

बेचाळीस वर्षांचं ओझं उतरलं होतं. हलकं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण त्यासोबत काहीतरी हातातून निसटल्यासारखंही झालं. टीव्हीवर तो परदेशी राजांशी हात मिळवताना दिसला की ती स्टॅनच्या जोडीने नाक मुरडायची, आणि मनात कुठेतरी म्हणायची, याला मी घडवलं. आता तेही राहिलं नाही.

"तुम्ही रागावलात का?" डग्लसने विचारलं.

"छे. वेड्या, स्वतःचं मत वाया घालवायचं असतं का?"

"तुम्ही तर स्वतःलाच दिलं असणार."

देशाचा कारभार हाकून आलेला हा माणूस उत्तरासाठी मान किंचित पुढे करून बसला होता, कान लाल.

"मग काय तुला देणार होते?" एनिड म्हणाली.

तो मोठ्याने हसला. मग भुवया उंचावून त्याने मनातल्या मनात गणित केलं.

"म्हणजे आपल्या दोघांना सोडलं, तर उरलेल्या गावात मी तीन मतांनी पुढे होतो."

"तीन मतांनी."

"तीन," तो पुन्हा म्हणाला. कप खाली ठेवून उठताना त्याची पाठ ताठ झाली होती. "हे मला आधी कळायला हवं होतं. बऱ्याच सभांना मी थोडा जास्त निवांत गेलो असतो. बरं, तुम्हाला काय सांगायचं होतं?"

"पितळेला चकाकी नाही, एवढंच. ब्रासो आणायला सांग कुणाला तरी."

कोटाची बटणं लावत तो बाहेर गेला. मिनिटभराने महापौरांचा आवाज आला, मग त्याचा, मग हशा. एनिडने पिंपाखालचं फडकं पिळून वाळत टाकलं. पडदा सरकला असावा, कारण टाळ्या सुरू झाल्या. तिने हात कोरडे केले, दाराकडे एकदा वळून पाहिलं आणि आत कोणी येत नाही याची खात्री करून, हळूच दोन टाळ्या वाजवल्या.